कच्च्या कैद्यांच्या मदतीला देणगीचा पैसा घ्यावा का?

मुक्ता:
एका देणगीदार न्यासाच्या पगारावर मी तीन वर्षं कारागृहात विधी साहाय्याचं काम केलं. तिथं एक बिगारी भेटला. पंधरा हजारांचा जामीन मंजूर होऊन चार महिने झालेले, तरी आतच. जामीनदार आणायचा कुठून? गाव मराठवाड्यात, शहरात ओळखीचं कुणी नाही. जामीन झालाय हेच त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही त्याच्या चुलत्याला शोधलं. सातबारा आणि रेशनकार्ड घेऊन तो आला, तर ऐपतीचा दाखला नाही म्हणून परत. शेवटी अर्ज करून जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या हमीवर, सोडवला. हे काम ना वकिलाचं, ना जेलरचं. देशातल्या तुरुंगांत चारांपैकी तीन जण कच्चे कैदी आहेत, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले. देणगीदारांनी इथंच पैसा घालावा असं माझं ठाम मत आहे.

आबा:
मुक्ताताई, मी आयुष्यभर कोर्टात शिरस्तेदारी केली, म्हणून स्पष्ट सांगतो. मोफत वकील ही खैरात नाही. 1976 साली कलम 39अ घटनेत आलं, 1987 साली विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा झाला. न्यासाने पगार दिला की सरकार तेवढं अंग काढून घेतं. 2022 पासून जिल्ह्याजिल्ह्यात लोकअभिरक्षक, म्हणजे गरीब आरोपींचे बचाव वकील, नेमले जाताहेत, पूर्णवेळ आणि मानधनावर. त्यांना माणसं वाढवून द्या म्हणून भांडायला हवं.

मुक्ता:
भांडायला हवंच, आबा. पण लोकअभिरक्षक कोर्टात उभा राहतो, चुलत्याला फोन कोण करणार? जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकाने प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये सांगितलं. त्याच वर्षी केंद्राची योजना आली, गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी 40 हजारांपर्यंत. पैसा आहे, आदेश आहे. कागद घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर जाणारं माणूस नाही. टाटा समाज विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ 1990 पासून हेच करतोय.

निखिल (विधी, शेवटचं वर्ष):
माझी तक्रार वेगळी आहे. देणगीची फेलोशिप मिळते ती राष्ट्रीय विधी विद्यापीठांतल्या मुलांना. त्यांचं काम मी कमी लेखत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने 2016 मध्ये फाशीच्या कैद्यांचा अहवाल काढला, त्यात तीन चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल निघाले. हे आधी कुणी मोजलंच नव्हतं. पण तालुक्याच्या कोर्टात रिमांडला उभा राहणारा ज्युनिअर आमच्यासारख्या कॉलेजातून येतो. पाच वर्षांत मला कुणी एकदाही कारागृहात नेलं नाही. जामिनाचा अर्ज मी शिकलो तो सिनिअरच्या कारकुनाकडून. शिकवायला पैसा द्यायचा तर तो इथं द्या, आणि मराठीत शिकवा.

आबा:
निखिलचं पटलं. शिकवलेलं निदान डोक्यात राहतं, न्यास उद्या निघून गेला तरी. आणि ताई, त्या बिगाऱ्यासाठी तुम्ही केलंत त्याला माझा नमस्कार. पण तुमची तीन वर्षं संपल्यावर कारागृहातलं तुमचं ते टेबल कोण सांभाळतं?

मुक्ता:
कुणीच नाही. मार्चमध्ये निधी संपला. चावी अधीक्षकांकडे दिली, सोबत 61 जणांची यादी: जामीन झालेले, जामीनदार नसलेले. तुमचा मुद्दा इथं बरोबर आहे, आबा. म्हणूनच यादीची एक प्रत मी प्राधिकरणाच्या आवक-जावकला देऊन पोच घेतली आहे. सोमवारी पुन्हा चौकशीला जाणार आहे, आता पगाराविना.