मदत हवी आहे: मराठीत बोलणारा समुपदेशक, बेळगाव-खानापूर भागात

नमस्कार मंडळी. कोविडनंतर वहिनींचा थकवा अजून गेलेला नाही. चार भाकऱ्या थापल्या की दुसरा दिवस अंथरुणात. रिपोर्ट नॉर्मल, म्हणून आई म्हणते मनाचे खेळ. तसं नाही हो! ब्रिटनच्या 'नाइस' या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या संस्थेनं २०२१ मध्ये एमई/सीएफएस या अशाच दीर्घ थकव्याच्या आजाराबद्दल स्पष्ट सांगितलंय: सीबीटी (विचार आणि सवयींवर बोलून काम करणारी समुपदेशनाची पद्धत) हा आधार आहे, आजार बरा करणारा इलाज नव्हे. आणि वहिनींना श्रमानं त्रास वाढतो, म्हणून 'चाला, घाम गाळा' म्हणणारा नको. शक्ती बघून कामं वाटायला शिकवणारा, ऐकून घेणारा हवा.

धारवाडच्या डिमहान्समध्ये (मानसिक आरोग्याची सरकारी संस्था) मराठी चालते का? इथून टेलि-मानसला (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६) फोन लावला तर मराठीत कोणी बोलतं का? वहिनींचं कन्नड बाजारापुरतं. बेळगावातच कोणी असेल तर उत्तम, लांबचा एसटी प्रवास झेपत नाही.