खुडूक कोंबडीला वेगळं बसवा
दादा, बाकीच्या कोंबड्या खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीच्या अंगावर चढून तिथंच अंडी घालायलेत आणि दोन फुटली म्हणालात, तर तिला आज रात्री अंधारातच वेगळ्या बुट्टीत हलवा, दिवसा हलवलं की उठून जुन्या जागी पळते. आमच्या खानापूरकडं पावसाचा गारठा लई, म्हणून खाली राख आन वर भाताचं पिंजर घालतो, राखेनं उवा पण कमी होतात. अंडी १०-१२ च ठेवा. ७ व्या रात्री टॉर्चवर धरून बघा, लाल शिरांचं जाळं दिसलं की जीव धरलाय. १८ व्या दिवसानंतर मात्र हात लावू नका ओ, पिल्लानं आतून टोचा पाडलेलं अंडं बघून सोलावंसं वाटतंय पण रक्त येऊन पिल्लू जातं, आमचं एक तसंच गेलं, अजून वाईट वाटतंय.