नर्सला वेळ असला तरच तरुण पेशंट बोलतो : तुमचे अनुभव लिहा

वॉर्डात 16 वर्षं झाली मला. बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विषय काढतेय. नर्सला कशा परिस्थितीत काम करावं लागतं आणि वयात आलेल्या मुलामुलींना दवाखान्यात कशी वागणूक मिळते, हे दोन विषय आपण कायम वेगवेगळे बोलतो. मला मात्र आता ते एकच वाटायला लागलेत, का ते सांगते.

15 वर्षांची मुलगी, टाइप वन डायबेटीस, म्हणजे इन्सुलिन रोज घ्यावंच लागतं. एकाच वर्षात तीन वेळा अ‍ॅडमिट झाली, दर वेळी तेच, उलट्या, जोरजोरात श्वास, तोंडाला तो अ‍ॅसिटोनचा वास. दर वेळी आई शेजारी उभी असतानाच विचारायचो, "इन्सुलिन घेतेस ना गं वेळेवर?" ती मान हलवायची, आम्ही फाइलवर 'घेते' लिहून मोकळे. तिसऱ्या वेळेस आई बिलाच्या रांगेत गेलेली आणि त्या दिवशी योगायोगाने माझ्याकडे चारच पेशंट होते, म्हणून मी तिच्या बेडजवळ स्टूल ओढून नुसती बसले. दहाएक मिनिटं ती पांघरुणाचा दोरा ओढत बसली होती आणि मग म्हणाली, "ते घेतलं की वजन वाढतं." बस, एवढंच. दोन अ‍ॅडमिशन्समध्ये हे आम्हाला कळलं नाही, कारण तेव्हा माझ्याकडे 14 पेशंट होते आणि बसायला वेळच नव्हता. पेशंटच्या जादा भाराने काय होतं यावर 2002 साली अमेरिकेत मोठा अभ्यास झाला होता, नर्समागे एकेक पेशंट वाढला की ऑपरेशन झालेल्यांच्या मृत्यूची शक्यता साधारण 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली. त्यात मृत्यू मोजले होते, विचारायचे राहून गेलेले प्रश्न कुठल्या रजिस्टरमध्ये येतात?

नर्स असाल किंवा पेशंट म्हणून आत राहिलेले असाल, जे घडलं ते लिहा. हॉस्पिटलचं नाव नको.

*

ताई, मी लिहिते. नोकरीला लागून दुसरंच वर्ष माझं. नाइटला एक सॅम्पल पाठवायला उशीर झाला म्हणून सीनियरनी भर वॉर्डात, पेशंटसमोर मला झापलं, फाइल टेबलावर आपटली. मी रडत नव्हते पण हात थरथरत होते. सहा नंबरला 17 वर्षांचा मुलगा होता, जागा होता. पहाटे राउंड घेताना बघते तर त्याची सलाईन शिरेबाहेर जाऊन मनगटापासून कोपरापर्यंत हात टम्म सुजलेला, कातडी गार आणि ताणलेली. म्हटलं, "अरे, बेल का नाही वाजवलीस?" तर म्हणे, "सिस्टर, तुम्हाला परत बोलले असते ना."

नशीब साधं सलाईन होतं. पण मी ते विसरू शकत नाही. वॉर्डात नर्सचा अपमान झाला की त्याची शिक्षा पेशंट भोगतो, हे त्या रात्री मला डोळ्यांनी दिसलं. कामाच्या जागी होणारी हिंसा आणि छळ यावर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 2019 चा करार आहे, क्रमांक 190, त्यात शिकाऊ आणि इंटर्नही येतात. मला हे नंतर कळलं, ट्रेनिंगमध्ये कोणी सांगितलंच नव्हतं.

*

मी नर्स नाही, 19 वर्षांची आहे, ऐकू येत नाही मला, ओठ वाचते. मास्क आला की माझ्यासाठी सगळं बंद. आठ दिवस अ‍ॅडमिट होते तर सगळे माझ्या आईशी बोलायचे, पाळीबद्दलसुद्धा आईलाच विचारायचे, मी समोर बसलेली असताना!! एकच सिस्टर होत्या त्या वही घेऊन आल्या आणि पहिलं वाक्य लिहिलं, "आईंना थोडा वेळ बाहेर बसवू का?" मी 'हो' वर तीन वेळा रेघ मारली. मग त्यांनी आधीच लिहून दिलं, तू सांगशील ते माझ्याकडे राहील, फक्त तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मला सांगावं लागेल. हे आधीच स्पष्ट झाल्यामुळे उलट जास्त विश्वास वाटला. अशी वही प्रत्येक बेडपाशी ठेवायला काय लागतं?

*

माझं छोटंसं आहे. फाइलवरचं नाव आणि माझं नाव वेगळं. वेटिंगमध्ये ते जुनं नाव मोठ्याने पुकारलं गेलं की सगळ्या माना वळतात, दोनदा तसाच उठून घरी गेलोय, उपचार न घेता. तिसऱ्यांदा एका ब्रदरनी जवळ येऊन हळूच विचारलं, "तुला काय म्हणून हाक मारू?" आणि फाइलच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवलं. मी आता तिथेच जातो.

*

इन्चार्ज आहे मी, त्यामुळे वरच्या प्रत्येक अनुभवात मला माझा वॉर्ड दिसला. आमच्याकडे काय बदललं ते सांगते, सगळं जमलं असं मुळीच नाही.

सुरुवात एका चुकता चुकता राहिलेल्या डोसने झाली. स्टाफ इन्सुलिन भरत होती, मध्येच फोन, मध्येच नातेवाईक, आणि सिरिंजमध्ये 6 ऐवजी 16 युनिट. दुसरीने तपासलं म्हणून वाचलो. मी तिला ओरडले नाही, दोघी बसून त्या पाच मिनिटांत तिला किती जणांनी हटकलं ते मोजलं, सात जण! तेव्हापासून औषध भरताना तिच्याशी कोणी बोलायचं नाही, डॉक्टरसुद्धा. ड्युटी चार्ट महिनाभर आधी लावते, इव्हिनिंग करून लगेच मॉर्निंग देत नाही. थकवा म्हणजे पोरींचा नाजूकपणा असं मानणाऱ्या मेट्रन मी पाहिल्यात. पण कामाच्या न सांभाळलेल्या ताणातून येणारा बर्नआउट, म्हणजे पार गळून जाणं, आता जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, आयसीडी 11 मध्ये, नोंदवलेला आहे, आजार म्हणून नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून.

आणि मुलांसाठी एक केलं. स्टोअरमधली सलाईनची खोकी हलवून दोन खुर्च्या टाकल्या, दार बंद होतं एवढंच महत्त्वाचं. 10 ते 19 वयाचं कोणी आलं की एकदा तरी एकटं तिथे बोलायचं, सोप्याकडून अवघडाकडे, आधी घर, मग शाळा-कॉलेज, खाणं, मित्रमंडळी, नशा, नातेसंबंध, आणि शेवटी, कधी जीव नकोसा वाटतो का. हा शेवटचा प्रश्न विचारायला माझ्या अनुभवी स्टाफची जीभ अडखळायची, विचारल्याने डोक्यात भलतं भरेल म्हणून. तसं होत नाही, उलट मुलं श्वास सोडतात. गेल्या महिन्यात एक मुलगा एवढंच म्हणाला, "हे कोणी विचारलंच नव्हतं," आणि मग तासभर बोलला. तो तासभर त्याच्यासमोर बसलेल्या सिस्टरचे बाकीचे पेशंट आम्ही तिघींनी वाटून घेतले.

काल खोकी परत त्या खोलीत आली आहेत. अर्ज दिलाय, उद्या स्वतः जाऊन विचारणार आहे.