टू-स्टेप चालू केल्यापासून थंडरबर्ड पासवर्डच घेत नाहीये, मदत करा

अंबडकर: नमस्कार, आमचं अंबड एमआयडीसीत सीएनसी जॉबवर्क आहे, डोमेनचा मेल झोहोवर आहे आणि ऑफिसच्या पीसीवर थंडरबर्ड (मेल बघायचं सॉफ्टवेअर). सीए म्हणाले म्हणून परवा रात्री टू-स्टेप (पासवर्डनंतर ओटीपी) चालू केलं, ब्राउझरमध्ये ओटीपी टाकून मेल मस्त उघडतोय पण थंडरबर्ड सारखा पासवर्ड विचारतो आणि बरोबर टाकला तरी लॉगिन फेल. कस्टमरचं ड्रॉइंग, पीओ सगळं मेलवरच येतं, दोन दिवस मोबाईलवर बघून काम चाललंय. टू-स्टेप बंदच करून टाकू का?

सातपूर_पीसीवाला: बंद अजिबात करू नका दादा! कोटेशन, बँक डिटेल सगळं ज्या मेलवरून जातं तो उघडा ठेवायचा नाही. यात बिघाड कुठेच नाहीये. थंडरबर्ड आयमॅपने (सर्व्हरवरून मेल आणायची पद्धत) आत जातो तेव्हा फक्त युजरनेम-पासवर्ड पाठवतो, ओटीपी टाकायला तिथे जागाच नाही, म्हणून टू-स्टेप चालू झालं की नेहमीचा पासवर्ड तिथे चालत नाही, त्याच्यासाठी वेगळा अ‍ॅप पासवर्ड काढावा लागतो. झोहोच्या अकाउंट पेजवर सिक्युरिटीमध्ये अ‍ॅप पासवर्ड्स आहे, तिथे नाव द्या (ऑफिस पीसी वगैरे) आणि जनरेट करा. तो एकदाच दिसतो, लगेच कॉपी करा आणि थंडरबर्डने विचारलं की तोच टाका.

अंबडकर: केलं भाऊ, मेल यायला लागले!! पण पाठवायला गेलो की परत फेल. पोर्ट बघितले, इनकमिंग ९९३ आणि आउटगोइंग ४६५, दोन्हीला एसएसएल.

गंगापूररोड: पोर्ट बरोबर आहेत, त्यांना हात लावू नका. आउटगोइंगचा पासवर्ड वेगळा सेव्ह असतो, तिथे जुनाच पडलाय. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, सेव्ह्ड पासवर्ड्स, त्यात एसएमटीपीची (म्हणजे मेल पाठवायच्या सर्व्हरची) जुनी ओळ डिलीट करा, थंडरबर्ड बंद करून चालू करा आणि एक टेस्ट मेल टाका, विचारेल तेव्हा अ‍ॅप पासवर्ड. माझा एक अख्खा शनिवार यातच गेला होता.
आणि कोणी जीमेलवाले वाचत असतील तर तुमचं थोडं वेगळं, तिथे थंडरबर्डमध्ये ऑथेंटिकेशन मेथड ओऑथ२ ठेवा, गूगलची खिडकी उघडते, ओटीपी तिथेच टाकता येतो, अ‍ॅप पासवर्डची गरजच नाही. इनकमिंग-आउटगोइंग दोन्हीकडे बदलायचं मात्र.

अंबडकर: गेला मेल! दोन दिवस अडकलेलं कोटेशन आत्ता पाठवलं, मनापासून आभार दोघांचे. घरच्या लॅपटॉपला हाच पासवर्ड टाकला तर चालेल ना?

सातपूर_पीसीवाला: त्याला नवीन काढा. उद्या लॅपटॉप हरवला तर तेवढाच रद्द करता येतो, ऑफिसचं काम थांबत नाही. आणि टू-स्टेपचे बॅकअप कोड (ओटीपी मिळत नसेल तेव्हा टाकायचे) आजच प्रिंट काढून कपाटात ठेवा, फोन बिघडला की तेच कामाला येतात.