मेट्सना ड्राफ्ट जमत नाही म्हणणाऱ्यांनी जरा थांबा: रॉकर, पीसीए आणि बाकी सगळं

फ्लशिंगकर

२०२५ चा बेसबॉल सीझन संपला त्या रात्री आपल्या न्यूयॉर्क मेट्सबद्दल जर्सीसिटीभाऊंनी इथे तीन वाक्यं टाकली: "मेट्सना ड्राफ्टच करता येत नाही. कुमार रॉकर हातात होता, सोडला. पीट क्रो-आर्मस्ट्राँग हातात होता, विकला." (ड्राफ्ट म्हणजे दरवर्षी टीम्सनी पाळीपाळीने शाळा-कॉलेजातली नवी पोरं निवडणं; फेरी म्हणजे राउंड, निवड म्हणजे पिक.) खाली सगळ्यांचं "अगदी बरोबर, अगदी बरोबर". मायामीत शेवटची मॅच हरून ८३-७९ (जिंकलेल्या-हरलेल्या मॅच) वर घरी बसलो त्याचा राग मलाही आहे, दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही, पण राग काढायचा तर ज्याच्यावर काढायला हवा त्याच्यावर काढा ना. या टीममध्ये सध्या एकच खातं नीट चाललंय आणि ते ड्राफ्टचं आहे.

ऑगस्टपासून सगळं कोसळत असताना पिचिंग कोणी धरून ठेवलं? नोलन मक्लेनने. २०२३ चा तिसऱ्या राउंडचा पिक. ओक्लाहोमा स्टेटमध्ये बॅटिंगही करायचा आणि पिचिंगही, आपल्याकडे आल्यावर बॅट सोडायला लावली आणि पहिल्या ८ स्टार्टमध्ये ईआरए (नऊ इनिंगमागे सरासरी दिलेले रन, कमी तेवढं चांगलं) २.०६. जोना टाँग २०२२ चा सातवा राउंड. ब्रँडन स्प्रोट २०२३ चा दुसरा राउंड, त्याला तर आपण २०२२ मध्येही तिसऱ्या राउंडमध्ये घेतलं होतं, तो सही न करता फ्लोरिडाला परत गेला, पुढच्या वर्षी पुन्हा घेतला. अलोन्सो २०१६ चा दुसरा राउंड. आणि पिचर जेकब डिग्रॉम? २०१० चा नववा राउंड, २७२ वा पिक, कॉलेजात शॉर्टस्टॉप खेळणारा पोरगा. त्याच वर्षी कोपर गेलं, टॉमी जॉन सर्जरी (कोपराचा लिगामेंट बदलायची) झाली, टीम थांबली, पुढे दोन साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचं बक्षीस). ज्यांना ड्राफ्ट जमत नाही त्यांना नवव्या राउंडमध्ये असला माणूस सापडत नाही.

प्रॉब्लेम निवडण्यात नाहीये, निवडलेल्याला सांभाळण्यात आहे. पीसीए, म्हणजे क्रो-आर्मस्ट्राँग, २०२० मध्ये १९ वा घेतला, तो पिक उत्तमच होता, मायनर्समध्ये (मेजर लीगच्या खालच्या लीगमध्ये) जेमतेम ६ मॅच खेळून खांदा दुखावला आणि जुलै २०२१ मध्ये हावियर बाएझसाठी शिकागोला देऊन टाकला. बाएझ दोन महिने खेळला, स्वतःच्याच फॅन्सना अंगठा खाली करून दाखवला आणि डेट्रॉइटला निघून गेला. आपण ७७-८५. पीसीएने २०२५ मध्ये ३१ होमर मारले आणि ३५ बेस चोरले. ही चूक स्काउटची नाही, जनरल मॅनेजरची आणि मालकाच्या घाईची आहे.

जर्सीसिटीभाऊ

वा, माझ्या तीन वाक्यांवर निबंधच आला की. नवव्या आणि सातव्या राउंडचं कौतुक सांगताय तर पहिल्या राउंडचं पण सांगा. २०१२ ला १२ वा पिक, गॅविन चेक्कीनी. सहा पिकनंतर डॉजर्सने कोरी सीगर घेतला. २०१३ ला ११ वा, डॉमिनिक स्मिथ, आणि ॲरन जज ३२ व्या नंबरपर्यंत तसाच बसलेला, यँकीजने उचलला. माझ्या ऑफिसात दोन डेस्क सोडून एक यँकीज फॅन बसतो, त्याच्या टेबलावर जजची ९९ नंबरची बाहुली आहे, मला हे रोज बघावं लागतं. २०२२ ला ११ वा केव्हिन पराडा, दोनच पिकनंतर एंजल्सने झॅक नेटो घेतला. नेटोचे २०२५ मध्ये २६ होमर, पराडा २०२५ संपेपर्यंत मेजरमध्ये एक मॅच खेळलेला नव्हता.

आणि पराडा कुठल्या पिकवर आला? रॉकर सोडल्याची भरपाई म्हणून मिळालेल्या पिकवर. २०२१ ला १० वा घेतला, ६ मिलियन डॉलरला तोंडी ठरलं, स्लॉट (त्या पिकसाठी लीगने ठरवलेली रक्कम) ४.७४ चा होता, मग फिजिकल (वैद्यकीय तपासणी) बघून घाबरले आणि ऑफरच दिली नाही. ड्राफ्टआधीच्या एमआरआय प्रोग्रॅममध्ये तो नाही हे सगळ्यांना माहीत होतं, सौद्यात कडक म्हणून प्रसिद्ध स्कॉट बोरास एजंट आहे हेही माहीत होतं. एवढी भीती होती तर घेतला कशाला? त्या स्लॉटचे पैसे दुसऱ्या कुणावर खर्च करता येत नाहीत, म्हणजे एका निर्णयात अख्ख्या ड्राफ्टची वाट लावली.

सातवी_इनिंग

भाऊ, जज ३२ व्या नंबरला गेला म्हणजे जवळजवळ सगळ्या टीम्सनी त्याला एकदा तरी सोडला. त्यात मेट्सचं एकट्याचं काय? १९६६ ला रेजी जॅक्सन सोडून पहिल्या नंबरवर स्टीव्ह चिलकॉट घेतला त्याचं म्हणा हवं तर, चिलकॉट मेजरला पोचलाच नाही, तो खरा गुन्हा.

रॉकरबद्दल मात्र डॉक्टर बरोबर होते हे कुणी बोलतच नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच्या खांद्याची सर्जरी झाली. मे २०२३ मध्ये टॉमी जॉन. टेक्ससने २०२२ ला तिसरा घेऊन ५.२ मिलियन दिले, डेब्यू झाला सप्टेंबर २०२४ ला आणि २०२५ मध्ये ईआरए साडेपाचच्या वर. मी स्वतः ऑर्थोपेडिकमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे, खांद्याचे रिपोर्ट रोज बघते. खांदा कोपरासारखा नसतो, कोपरावरून पिचर परत येतात, खांद्यावरून येतीलच असं नाही. कोणी तरी त्याचे रिपोर्ट बघून "नको" म्हणालं, त्या माणसाला शिव्या देऊ नका.

पार्सिपनीकर

ताई, सर्जरी झाली हे खरं पण त्याआधी तो काय होता ते पण बघा. वँडरबिल्टला फ्रेशमन असताना ड्यूकविरुद्ध १९ स्ट्राइकआउटसह नो-हिटर (समोरच्या टीमला एकही हिट नाही). २०२२ ला ट्राय-सिटी व्हॅलीकॅट्सकडून फ्रंटियर लीगमध्ये खेळला, २० इनिंगमध्ये ३२ स्ट्राइकआउट. डेब्यूला सिएटलमध्ये ४ इनिंगमध्ये ७.

आमच्याकडे तो वेगळाच विषय आहे. त्याच्या आईचे आईवडील भारतातून आलेले. मेट्सने घेतला त्या रात्री माझ्या सासूबाई, ज्यांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, त्या "कुमार आला का टीव्हीवर" विचारत बसल्या होत्या. मुलांनी जर्सीचा नंबर कुठला मिळणार यावर पैजा लावलेल्या. तीन आठवड्यांत ऑगस्ट उजाडला आणि ऑफरच नाही. धाकट्याला काय सांगायचं? त्याला "फिजिकल" म्हणजे शाळेचा फॉर्म माहीत.

जर्सीसिटीभाऊ

हेच म्हणतोय मी. आणि २२ व्या वर्षाच्या आत असलेल्या मुलाला जाहीरपणे "याच्या हातात काहीतरी गडबड आहे" असा शिक्का मारून सोडून देणं, मालक कोहेनने ट्विटरवर ड्राफ्ट पिकच्या किमतीचा हिशेब मांडणं, हे शोभतं का? नंतर नियमच बदलावा लागला, आता जो मुलगा ड्राफ्टआधी मेडिकल देतो त्याला स्लॉटच्या ७५ टक्के तरी ऑफर द्यावीच लागते. मेट्सनी केलं ते बरोबर होतं तर नियम का बदलला?

मंजिरी_एडिसन

तुम्ही सगळे कुणी कुणाला घेतला यावर भांडताय पण ते हात खराब होतात कुठे? ड्राफ्टच्या रात्री नाही होत. ते १२-१३ व्या वर्षी होतात आणि आपल्याच अंगणात होतात.

माझा मुलगा १३ चा असताना इथल्याच एका ट्रॅव्हल टीममध्ये होता. शनिवारी टूर्नामेंटमध्ये ७० पिच (टाकलेले बॉल), रविवारी सेमीफायनलला "फक्त दोन इनिंग", आणि बुधवारी शाळेच्या टीमकडून परत. कुठल्या वयाच्या मुलाने किती बॉल टाकावेत हे सांगणारा पिच स्मार्टचा तक्ता २०१४ पासून आहे, १४ वर्षांपर्यंतच्या मुलाने ६६ किंवा जास्त पिच टाकले तर ४ दिवस विश्रांती, हे कोचला पाठ होतं. पण तो फक्त स्वतःच्या टीमचे पिच मोजायचा. वर हिवाळ्यात व्हेलॉसिटी (वेग वाढवायचा) प्रोग्रॅम, वेटेड बॉल, रडार गन, आणि त्याची फी वेगळी. मार्चमध्ये मुलगा दात घासताना ब्रश डाव्या हातात धरायला लागला तेव्हा आम्हाला कळलं. ग्रोथ प्लेटला, म्हणजे हाड वाढतं त्या कच्च्या भागाला, दुखापत. कोचचं पहिलं वाक्य: "मग मेमोरियल डेला उपलब्ध आहे ना?"

रॉकर, डिग्रॉम, मॅट हार्वी अशा हात दुखावलेल्या पिचरांची नावं घेताना हे पण बोला. मेजर लीग बेसबॉलने (एमएलबी) स्वतः डिसेंबर २०२४ मध्ये रिपोर्ट काढला की वेग आणि प्रत्येक बॉल पूर्ण ताकदीने टाकायची हाव यामुळे हात जाताहेत आणि ती हाव खालपर्यंत झिरपली आहे. ड्राफ्ट ताशी ९५ मैल टाकणाऱ्याला पैसे देतो, म्हणून १३ वर्षांचा मुलगा रडारकडे बघत टाकतो.

क्वीन्स_बुलेवार्ड

मंजिरीताई, वाईट वाटलं वाचून, पण सगळं कोचवर ढकलू नका. फी कोण भरत होतं? शनिवार-रविवार गाडी चालवून पेनसिल्व्हेनियाला कोण नेत होतं? आपल्या लोकांचं हे नेहमीचं आहे, मुलाला पियानो, कुमॉन, रोबोटिक्स आणि त्यात पिचिंग लेसन, एकही गोष्ट मजेसाठी नाही, सगळं कॉलेज ॲप्लिकेशनसाठी. माझ्या भावाने मुलाला बेसबॉलच सोडायला लावून क्रिकेटला घातला, नेत्रावळकर इंजिनिअरिंगची नोकरी करून अमेरिकेकडून वर्ल्ड कप खेळला तर आपला का नाही म्हणून. आता तिथेही पहाटे पाचला बोलिंग मशीन.

मंजिरी_एडिसन

तुम्हाला माहीत आहे आमच्या घरात काय चाललं होतं? नसेल तर बोलू नका. मुलगा स्वतः मागत होता, मित्र सगळे त्या टीममध्ये, आणि "रेस्ट हवी" म्हटलं की पुढच्या आठवड्यात लाइनअपमध्ये नाव खाली. १३ वर्षांच्या मुलाला तुम्ही हे समजावून दाखवा. आणि पालक चुकले म्हणून पैसे घेणारा, मोजमाप पाठ असलेला, सर्टिफिकेट भिंतीवर लावलेला मोठा माणूस सुटतो का?

सातवी_इनिंग

क्वीन्सवाले, जरा सांभाळून. माझ्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये असे बरेच असतात, आणि बहुतेक घरांत आईवडिलांना ग्रोथ प्लेट हा शब्द पहिल्यांदा आमच्या खोलीत कळतो. १९७४ मध्ये डॉ. जोब यांनी टॉमी जॉनवर ती सर्जरी केली तेव्हा तो ३१ वर्षांचा मोठा माणूस होता. आता १६ वर्षांच्या मुलाचे वडील "करूनच टाकू, नंतर जास्त वेगात टाकतो म्हणतात" असं विचारतात. नाही टाकत. जो वेग वाढतो तो वर्षभराच्या व्यायामाने वाढतो, तो सर्जरीशिवायही करता येतो.

क्वीन्स_बुलेवार्ड

ठीक आहे, कोचही दोषी. मी "पालकही" म्हणालो, "पालकच" नाही म्हणालो. पण मग हायस्कूलमधून ड्राफ्ट होणाऱ्या मुलांना तुम्ही काय सांगाल? माझा पुतण्या बारावीत आहे, त्याचा मित्र खरंच सिलेक्ट होईल असा आहे, घरात रोज वाद, कॉलेज की पैसे. मी म्हणतो कॉलेज. स्प्रोट बघा, नाही म्हणाला, परत गेला, पुढच्या वर्षी वरच्या राउंडमध्ये आला.

पार्सिपनीकर

आणि याच्या उलटं पण बघा. निम्मो वायोमिंगचा, त्या राज्यात शाळेचं बेसबॉलच नाही, तरी २०११ मध्ये १३ वा गेला, १८ व्या वर्षी सही केली, त्याचं काय वाईट झालं? कॉन्ट्रॅक्टमध्ये कॉलेजचे पैसे लिहून घेता येतात, खेळ नाही जमला तर टीम फी भरते. पण बोनस छोटा असेल तर मुळीच जाऊ नये. २०२३ मध्ये युनियनमुळे पगार वाढले तरी मायनर्सच्या सिंगल-ए पायरीला वर्षाला २६,२०० डॉलर, त्यावरच्या डबल-ए ला ३०,२५०. जर्सीत त्यात भाडं निघत नाही.

फ्लशिंगकर

मूळ मुद्दा राहिला बाजूला, पण मंजिरीताईंचं ऐकून एक सांगतो, त्या बोलल्या तोच माझा मुद्दा आहे. कच्चा मुलगा निवडायचा आणि लगेच पिळायचा किंवा विकायचा. डिग्रॉमच्या वेळी थांबले म्हणून मिळाला.

भाऊ, तुमच्या यादीला उत्तर. जॅरेड केलेनिक २०१८ चा सहावा पिक, डिसेंबरमध्ये डियाझ आणि कानो यांना आणणाऱ्या ट्रेडमध्ये गेला, तेव्हा याच लोकांनी आकाशपाताळ एक केलं. २०२५ मध्ये तो कुठे होता? अटलांटाच्या ट्रिपल-ए (मायनर्सची सगळ्यात वरची पायरी) मध्ये. डियाझ २०२५ पर्यंत आपला क्लोझर (मॅच संपवणारा पिचर) होता. म्हणजे विकणं नेहमीच चूक असतं असंही नाही, ते तुमच्या बाजूचं धरा हवं तर.

रॉकरवर मात्र मी हलणार नाही. डॉक्टर बरोबर होते, वागणूक वाईट होती, दोन्ही खरं आहे.

जर्सीसिटीभाऊ

मक्लेन मान्य. टाँग दोन वर्षांनी बघू, सप्टेंबरमध्ये मार खाल्लाय त्याने. पराडा-नेटो मान्य नाही आणि कधी होणार नाही.

आणि पुढचं ऐका. लक्झरी टॅक्सच्या (खेळाडूंच्या पगारावरच्या मर्यादेच्या) रेषेपेक्षा ४० मिलियन किंवा जास्त वर गेल्यामुळे पहिला पिक १० जागा खाली जातो. २०२५ मध्ये आपला पहिला पिक ३८ वा होता, हुआन सोटोला करारावर घेतल्यामुळे दुसऱ्या आणि पाचव्या राउंडचे पिक गेले, म्हणजे ३८ नंतर थेट तिसरा राउंड. तुम्ही म्हणता ड्राफ्टचं खातं उत्तम आहे, मग त्या खात्याला निवडायला तरी द्या की. ७६५ मिलियनचा माणूस घेऊन ८३ मॅच जिंकायच्या आणि वर पोरंही कमी घ्यायची, हा कुठला हिशेब?

फ्लशिंगकर

यावर वाद नाही. कोहेनला हेच कुणीतरी सांगायला हवं. पण सोटो हवाच होता, तो सोडून दोन पिक वाचवले असते तर तुम्हीच पहिले ओरडला असतात.

आता आपल्या कार्सन बेंजवर नजर ठेवा. २०२४ चा १९ वा, बरोबर पीसीएचाच नंबर, एका वर्षात, २०२५ मध्येच, ट्रिपल-ए पर्यंत आला. एखाद्या जुलैत त्याला दोन महिन्यांच्या कुठल्या तरी भाड्याच्या खेळाडूसाठी दिला, तर तुमची ती तीन वाक्यं मी माझ्या नावाने इथे टाकीन.