टीम अ‍ॅजाइल झाल्या, पोर्टफोलिओ मात्र जुनाच: बदलाची सुरुवात नेमकी कुठून करावी?

प्रश्न: बीकेसी_पीएमओ

नमस्कार. वांद्रे-कुर्ला संकुलातील एका वित्तसंस्थेत मी प्रकल्प व्यवस्थापन कार्यालयाचे, म्हणजे ज्याला सगळे पीएमओ म्हणतात त्याचे, काम पाहतो. ३ वर्षांपूर्वी आम्ही स्क्रम, म्हणजे छोट्या टप्प्यांत (स्प्रिंटमध्ये) काम करण्याची अ‍ॅजाइल पद्धत, स्वीकारली. आज आमच्या ११ टीम दोन-दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये काम करतात, रोज सकाळी स्टँड-अप होतो, काय चुकले ते पाहणारी रेट्रोस्पेक्टिव्ह बैठकही होते. तरीही विभागप्रमुखांची तक्रार पूर्वीचीच आहे की मागितलेले काम वेळेवर हातात पडत नाही.

टीमच्या वरच्या पातळीवर काहीच बदललेले नाही, हे मला दिसते. डिसेंबरात प्रत्येक विभाग आपली मागणी फुगवून पाठवतो, कारण तिला कात्री लागणार हे त्याला ठाऊक असते. मार्चमध्ये संचालक मंडळ वर्षाचा आराखडा मंजूर करते आणि एप्रिल उजाडला की मंजूर झालेली सगळी कामे एकदम सुरू होतात. आज आमच्याकडे ४२ प्रकल्प चालू आहेत. गेल्या आर्थिक वर्षात पूर्ण झाले १४. स्टिअरिंग कमिटीच्या तक्त्यात ४२ पैकी ३३ प्रकल्प हिरवे दिसतात, आणि त्यातले निम्मे शेवटच्या महिन्यात अचानक लाल होतात.

एमडींनी याच वर्षी लीन-अ‍ॅजाइल पोर्टफोलिओ पद्धतीकडे, म्हणजे संस्थेतली सगळी कामे एकत्र पाहून एका वेळी मोजकीच चालवण्याकडे, वळायला सांगितले आहे. एका सल्लागार कंपनीने संपूर्ण फ्रेमवर्क एकदम बसवून देण्याचा प्रस्ताव ठेवला आहे. माझी अडचण पद्धतीच्या ज्ञानाची नाही. विभागप्रमुखांच्या लेखी स्वतःच्या नावावर किती प्रकल्प आहेत यावर त्यांचे वजन ठरते. वित्त विभाग म्हणतो की प्रकल्पाऐवजी टीमला पैसा दिला तर भांडवली खर्च दाखवताच येणार नाही. आणि नियामकाच्या तारखा तर कोणालाच हलवता येत नाहीत. अशा ठिकाणी हा बदल कोणी, कुठून सुरू करावा?

उत्तर: वागळे इस्टेट

तुमच्याच आकड्यांपासून सुरुवात करू. रांगेतील कामांची सरासरी संख्या भागिले ठरावीक काळात पूर्ण होणारी कामे म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी काळ. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला हा नियम बँकेच्या खिडकीपुढच्या रांगेला लागू होतो तसा तुमच्या पोर्टफोलिओलाही होतो. ४२ भागिले १४ म्हणजे ३ वर्षे. चालू कामांची संख्या फारशी वाढत-घटत नसेल, तर आज सुरू केलेले काम सरासरी ३ वर्षांनी हाती पडणार, मग टीमने स्प्रिंट कितीही चोख केले तरी. हा हिशेब एमडींसमोर एका कागदावर ठेवा. मी आजवर पाहिलेल्या ५० पानी सादरीकरणांपेक्षा अशा कागदाने जास्त काम केले आहे.

माझी उमेदीची वर्षे ठाण्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गेली आणि नंतर मी आयटीत आलो, म्हणून एक फरक मला ठळकपणे जाणवतो. कारखान्यात अर्धवट माल पायात येतो. ट्रे साचले की फोरमनला वाट काढत जावे लागते आणि तो ओरडतो. कानबानची चिठ्ठी मुळात त्यासाठीच आहे: पुढच्याने मागितल्याशिवाय मागच्याने माल बनवायचा नाही. कार्यालयात मात्र अर्धवट काम दिसतच नाही. लिहून पडलेला पण रिलीज न झालेला कोड, मंजूर होऊन धूळ खात असलेली बिझनेस केस, वेंडरला दिलेला अर्धा आगाऊ पैसा, यांतले काहीही कोणाच्या पायात येत नाही. त्यामुळे एक ना धड, भाराभर चिंध्या अशी स्थिती वर्षानुवर्षे चालते आणि प्रत्येक जण प्रामाणिकपणे व्यग्र असतो.

म्हणून पहिली गोष्ट भिंतीवर ४२ कार्डे लावण्याची. रकाने साधे ठेवा: आलेली कल्पना, प्राथमिक तपासणी, विश्लेषण, तयार, चालू, पूर्ण. प्रत्येक कार्डावर कामाचे नाव, ते मागणाऱ्या विभागप्रमुखांचे नाव आणि ते सुरू झाल्याची तारीख लिहा. तारीख महत्त्वाची आहे. आमच्याकडे एका कार्डावरची तारीख ४ वर्षांपूर्वीची निघाली आणि ते काम मागणारे गृहस्थ कंपनी सोडून २ वर्षे झाली होती. एक विकसक मात्र अजून आठवड्याचा एक दिवस त्यावर घालवत होता, कारण त्याला थांब असे कोणी सांगितलेच नव्हते.

दुसरी गोष्ट अवघड आहे. 'चालू' या रकान्याला मर्यादा घाला आणि ती मर्यादा पाळण्यासाठी कार्डे काढा. कोणाचे कार्ड पहिले काढायचे, यावर बदल टिकणार की नाही हे ठरते. आमच्या पहिल्या बैठकीत बराच वेळ कोणी बोलेना, प्रत्येक जण दुसऱ्याच्या कार्डांकडे पाहत होता. शेवटी आयटी प्रमुख उठले आणि त्यांनी स्वतःच्या डेटा वेअरहाउसचे कार्ड 'चालू'मधून काढून 'तयार'मध्ये ठेवले. ते त्यांचे लाडके काम होते, त्यावर वर्षभर खर्चही झाला होता. त्यानंतर तासाभरात आणखी ९ कार्डे हलली. त्यांनी कोणतेही भाषण केले नाही.

सल्लागारांचे फ्रेमवर्क वाईट आहे असे मी म्हणत नाही. ते बहुधा सेफ, म्हणजे मोठ्या संस्थांत अ‍ॅजाइल राबवण्याची स्केल्ड अ‍ॅजाइल फ्रेमवर्क ही चौकट, असेल; ती २०११ पासून आहे. रणनीती आणि निधी, पोर्टफोलिओचे दैनंदिन चलनवलन आणि लीन देखरेख हे त्यातले तीन भाग विचारपूर्वक केलेले आहेत. पण ४२ प्रकल्प तसेच ठेवून त्यावर नवी पदे आणि नव्या बैठका चढवल्या, तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असे होईल. आधी ओझे उतरवा, मग जेवढे लागेल तेवढे फ्रेमवर्क घ्या.

उत्तर: जमाखर्च

मी सनदी लेखापाल आहे आणि अशा एका बदलात वित्त विभागाच्या बाजूने बसलो होतो, तेव्हा त्या आक्षेपाबद्दल लिहितो. तो आक्षेप आडमुठेपणाचा नाही, पण चुकीच्या गृहीतकावर उभा आहे.

सॉफ्टवेअरसारख्या अमूर्त मालमत्तेसाठी आपल्याकडे इंड एएस ३८ हे लेखा मानक लागू होते. त्यात 'प्रकल्प मंजूर झाला आहे का' असा निकष नाही. संशोधनाच्या टप्प्यावरचा खर्च त्याच वर्षी नफा-तोट्यात घ्यायचा. विकासाच्या टप्प्यावरचा खर्च मालमत्ता म्हणून तेव्हाच दाखवायचा, जेव्हा काम तांत्रिकदृष्ट्या पूर्ण होऊ शकते, ते पूर्ण करून वापरण्याचा हेतू व क्षमता आहे, त्यातून पुढे आर्थिक लाभ होण्याची शक्यता आहे, पुरेशी साधने हाताशी आहेत आणि खर्च विश्वासार्हपणे मोजता येतो. हे सगळे एखाद्या एपिकबाबतही, म्हणजे पोर्टफोलिओतल्या एका मोठ्या कामाबाबतही, दाखवता येते. किंबहुना पोर्टफोलिओ कानबान, म्हणजे वर सांगितलेली कार्डांची भिंत, नीट चालवले, तर कोणते काम विश्लेषणातून 'चालू'मध्ये कोणत्या तारखेला गेले याची नोंद आपोआप मिळते, आणि लेखापरीक्षक नेमके तेच विचारतो. आम्ही प्रत्येक फीचरला निर्मितीच्या वेळीच 'नवी क्षमता' किंवा 'देखभाल' असा शिक्का लावत असू आणि महिन्याअखेर टीमचा खर्च त्या प्रमाणात विभागत असू. प्रशिक्षणाचा खर्च मात्र मालमत्तेत घालता येत नाही, त्यामुळे सल्लागारांच्या प्रस्तावातील तो भाग वेगळा काढायला सांगा.

वार्षिक अंदाजपत्रक रद्द करण्याची भाषा मंडळासमोर करू नका. तिची गरजही नाही. वर्षाची एकूण मर्यादा मंडळाने मार्चमध्येच ठरवावी. कर्जवाटप, वसुली, ग्राहकसेवा अशा कायमस्वरूपी मूल्यप्रवाहांत (ग्राहकापर्यंत सेवा पोचवणाऱ्या कामांच्या साखळ्यांत) तिची वाटणी दर तिमाहीला करावी. टीम स्थिर राहतात, म्हणजे त्यांचा तिमाही खर्च आधीच माहीत असतो. बदलते ते फक्त त्यांच्या हातातले काम. ठरावीक रकमेपर्यंतचा निर्णय मूल्यप्रवाहाच्या प्रमुखाने घ्यावा, त्यावरचा पोर्टफोलिओ समितीपुढे यावा, आणि हे वित्तीय अधिकारांच्या मंजूर तक्त्यातच लिहून घ्यावे. तोंडी दिलेले अधिकार पहिल्या अंतर्गत लेखापरीक्षणातच परत जातात.

नियामकाच्या तारखांचा मुद्दा तर मी उलटा वापरेन. आयटी प्रशासनाबाबतचे रिझर्व्ह बँकेचे मास्टर डायरेक्शन ७ नोव्हेंबर २०२३ ला आले आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. मसुदा आधी आलेला होता हे खरे, पण अंतिम मजकूर आणि तारीख नोव्हेंबरातच कळली. म्हणजे हाताशी ५ महिनेही नव्हते, आणि मार्च २०२३ मध्ये मंजूर झालेल्या वार्षिक आराखड्यात या कामाला नेमकी जागा असणे शक्य नव्हते. तुमच्याकडेही तेव्हा कोणत्या तरी टीमचे काम काढून हे काम घातले गेले असणार. वार्षिक आराखडा दरवर्षी मोडतोच; आपण फक्त तो मोडल्याचे कबूल करत नाही. अशा कामांसाठी भिंतीवर स्वतंत्र पट्टा ठेवा आणि काही क्षमता आधीच मोकळी ठेवा.

उत्तर: स्लो लोकल

वरची दोन्ही उत्तरे खुर्चीत बसलेल्यांच्या बाजूची आहेत, म्हणून खालच्या बाजूने थोडे लिहितो. मी विकसक आहे. कागदोपत्री माझे ४० टक्के एका प्रकल्पाला, ३० दुसऱ्याला आणि ३० तिसऱ्याला दिलेले आहेत. तीन स्टँड-अप, तीन मॅनेजर, आणि तिघांनाही वाटते की मी दुसऱ्याचेच काम करतो आहे. तीन वेगवेगळ्या डब्यांत एकाच वेळी चढता येत नाही, हे चर्चगेटला कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. कार्यालयात मात्र लागते.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कार्डे भिंतीवरून काढली तरी विभागप्रमुखांच्या केआरएमध्ये, म्हणजे कामगिरी मोजण्याच्या निकषांत, 'अमुक इतके प्रकल्प सुरू केले' हेच राहणार असेल, तर सप्टेंबरपर्यंत ती कार्डे मागल्या दाराने परत येतील. आमच्याकडे तसेच झाले; फक्त त्यांचे नाव 'प्रकल्प' ऐवजी 'उपक्रम' झाले. आणि तुमच्या पीएमओतील माणसांचे काय? प्रकल्पच कमी होणार असतील तर प्रकल्प व्यवस्थापकांना आपली नोकरी जाईल असे वाटणारच, आणि मग तेच लोक तक्ते हिरवे ठेवून हा बदल शांतपणे मारतील. त्यांना पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगा.

(आणि कृपा करून पहिल्या प्रशिक्षणात डबेवाल्यांचा फोटो दाखवू नका. त्यांच्याबद्दल आदर आहेच, पण तेच ग्राहक, तोच पत्ता आणि तीच वेळ रोज सांभाळणे ही एक गोष्ट, आणि आजवर कोणी न केलेले काम किती दिवसांत होईल हे सांगणे ही दुसरी.)

प्रतिसाद: बीकेसी_पीएमओ

सर्वांचे मनापासून आभार. वित्त विभागाबरोबर काल बसलो. इंड एएस ३८ चा मुद्दा मांडल्यावर सूर बदलला आणि एका मूल्यप्रवाहावर एक तिमाही करून पाहायला ते तयार झाले. केआरएचा विषय मनुष्यबळ विभागाच्या हातात असल्याने त्याला सहामाही अप्रेझलपर्यंत थांबावे लागेल, पण एमडींना तो लेखी दिला आहे. पीएमओतील सहकाऱ्यांशी या शुक्रवारी बोलणार आहे. स्लो लोकल यांचा तो परिच्छेद वाचून मला थोडे अवघडल्यासारखे झाले, कारण पीएमओतील सहकाऱ्यांशी बोलण्याचे माझ्या यादीत नव्हते.

वागळे इस्टेट यांना एक विचारायचे आहे. मर्यादा घातल्यावर रांगेतले पुढचे काम कोणते, यावर भांडण होणारच. तिथे काय वापरावे?

उत्तर: वागळे इस्टेट

उशिराची किंमत विचारा. हे काम एक महिना लांबले तर किती रुपये जातात, आणि ते करायला किती महिने लागतात? पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागायचे. ज्याचा भागाकार मोठा ते आधी.

समजा, पहिले काम लांबल्यास महिन्याला ३० लाख जातात आणि ते करायला ६ महिने लागतात. दुसऱ्याचे २० लाख जातात आणि त्याला २ महिने लागतात. बैठकीत ३० लाखवाले जिंकतात. तो क्रम धरला तर पहिले काम हाती येईपर्यंत १८० लाख जातात आणि दुसरे ८ महिन्यांनी येत असल्याने त्याचे १६० लाख, एकूण ३४०. क्रम उलटा केला तर दुसऱ्याचे ४० आणि पहिल्याचे २४०, एकूण २८०. माणसे तीच, कामे तीच, आणि ६० लाखांचा फरक. आकडे अचूक नसले तरी चालते. विभागप्रमुखाला स्वतःच्या तोंडाने आकडा सांगावा लागतो आणि शेजारी बसलेला 'तो कसा काढला' असे विचारतो, यातच निम्मी भांडणे मिटतात. तारीख नियामकाने ठरवलेली असेल तर हा भागाकार लावू नका, ते काम वेगळ्या पट्ट्यातच राहू द्या.

प्रतिसाद: बीकेसी_पीएमओ

समजले. मंगळवारी पहिली बैठक आहे. माझ्या स्वतःच्या कार्यालयाचा एक प्रकल्प त्या ४२ मध्ये आहे: सगळ्या प्रकल्पांची स्थिती एका पडद्यावर दाखवणारा डॅशबोर्ड, ९ महिने झाले चालू आहे. त्याचे कार्ड मी पहिले काढणार आहे. कार्डे कॉन्फरन्स रूमच्या काचेवर चिकटवू म्हणतो, येता-जाता सगळ्यांना दिसतील.

उत्तर: वागळे इस्टेट

काचेवर नको. जून लागला आहे, दमट हवेत चिकट चिठ्ठ्या दोन दिवसांत गळून पडतात आणि झाडूवाल्या मावशी त्या गोळा करून टाकून देतात. आमची ५ कामे अशीच बंद झाली होती. सॉफ्टबोर्ड आणि टाचण्या घ्या.