पंच होलनंतर एमएमॅपमधून जुना डेटा येतोय
प्रश्न: लिनक्स ६.१, फाइल सिस्टिमचं मॉड्यूल आमचंच. फॅलोकेटने होल पाडताना (पंच होल, म्हणजे फाइलच्या मधला भाग रिकामा करणं; तिथे मग शून्यं दिसायला हवीत) आधी ट्रंकेट_पेजकॅश_रेंजने मेमरीतली पानं (पेज कॅश) काढतो, मग डिस्कवरचे ब्लॉक मोकळे करतो. आय_आरडब्ल्यूसेम (फाइलच्या आयनोडचा लॉक) पूर्ण वेळ धरलेलं असतं. तरी लोड वाढला की एमएमॅपमधून (मेमरीत मॅप केलेल्या फाइलमधून) अधूनमधून शून्यांऐवजी जुना डेटा वाचला जातो.

उत्तर १: पेज फॉल्ट (मॅप केलेलं पान मेमरीत नसलं की ते आणणारा कोड) आय_आरडब्ल्यूसेम घेतच नाही, गोम तिथेच आहे. कॅश साफ झाला, ब्लॉक अजून सुटलेले नाहीत, तेवढ्यात फॉल्ट येऊन पान पुन्हा भरतो. पुढे ते ब्लॉक दुसऱ्या फाइलला मिळाले आणि या पानाचं राइटबॅक (डिस्कवर लिहिणं) झालं, तर त्या फाइलचाही डेटा जाईल. त्यापुढे जुना डेटा दिसणं किरकोळच म्हणायचं. यासाठीच ५.१५ पासून इनव्हॅलिडेट_लॉक आहे. आय_आरडब्ल्यूसेमनंतर फाइलमॅप_इनव्हॅलिडेट_लॉक घ्या, ट्रंकेट करा, ब्लॉक सोडा, मगच अनलॉक. फाइलमॅप_फॉल्ट तो शेअर्ड घेतं. पेज_एमकेराइटमध्ये (मॅप केलेल्या पानावर पहिल्यांदा लिहिताना चालणाऱ्या तुमच्या फंक्शनमध्ये) मात्र तुम्हालाच घ्यावा लागेल.

उत्तर २: इनव्हॅलिडेट_लॉक धरून कॉपी_फ्रॉम_युजर (युजरच्या मेमरीतून कॉपी) करू नका, तिथे फॉल्ट आला की डेडलॉक, म्हणजे सगळं कायमचं अडकतं. बग हमखास दिसायला ट्रंकेट आणि ब्लॉक सोडणं यांच्यामध्ये एमस्लीप(५००), म्हणजे अर्ध्या सेकंदाची झोप, टाका आणि त्याच वेळी दुसऱ्या थ्रेडमधून तोच भाग एमएमॅपने वाचत राहा.

प्रश्नकर्ता: एमस्लीप टाकल्यावर लगेच दिसला, लॉक लावल्यावर गेला. आता डायरेक्ट राइटला (पेज कॅश टाळून थेट डिस्कवर लिहिताना) कॅशमधली जुनी पानं काढायला इनव्हॅलिडेट_मॅपिंग_पेजेस पुरेल?

उत्तर १: नाही. ते डर्टी (बदललेली, पण डिस्कवर न लिहिलेली) आणि मॅप केलेली पानं तशीच ठेवतं. इनव्हॅलिडेट_आयनोड_पेजेस२_रेंज वापरा, राइटच्या आधी आणि नंतरही. आधीच्या वेळी ईबिझी (पान काढता आलं नाही, ही एरर) आलं तर बफर्ड राइटकडे, म्हणजे पेज कॅशमधून लिहिण्याकडे, वळा.